पूजेतला अडॅप्टर

आमच्या व्याह्यांइतकी लॅपटॉपच्या अडॅप्टरवर माया करणारा माणूस सबंध मीरा-भाईंदरमध्ये दुसरा नाही, आणि खाडी ओलांडून वसईपर्यंत शोधत गेलात तरी मिळेल असं मला वाटत नाही. माया हा शब्द मी विचार करून वापरतोय. माणसं गाड्यांवर माया करतात, कुत्र्यामांजरांवर करतात, काही जण तर बाल्कनीतल्या कढीपत्त्यावरही करतात. त्यात नवल काही नाही. पण भिंतीतल्या प्लगपासून लॅपटॉपपर्यंत जाणाऱ्या वायरीच्या मधोमध जो एक काळा ठोकळा असतो, ज्याच्याकडे तुम्ही-आम्ही तो पायाला लागल्याशिवाय बघतसुद्धा नाही, त्या ठोकळ्याला ताप आलाय का हे हात लावून बघणारे आमचे व्याहीच. तेही तळहाताने नाही, हाताच्या उलट्या बाजूने, लहान मुलाचं कपाळ बघतात तसं. आणि तो ठोकळा म्हणजे चार्जर नव्हे बरं का. ‘चार्जर मोबाइलचा हो. लॅपटॉपचा तो अडॅप्टर,’ हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की आता मी मोबाइलच्या चार्जरलाही भीतभीत अडॅप्टर म्हणतो, आणि पुन्हा चुकतो.

विजेशी ह्या गृहस्थांचा संबंध काय, तर महिन्याचं बिल भरण्यापुरता. सगळी नोकरी फोर्टातल्या एका जहाज कंपनीच्या कचेरीत गेली. गिरगावातल्या दोन खोल्या पुरेनात म्हणून मीरा रोडला पूनम सागरमध्ये आले, तिथूनच निवृत्त झाले. लॅपटॉप त्यांनी स्वतःसाठी कधी घेतला नाही. घरात पहिला आला तो मुलाचा, आणि त्याचा अडॅप्टर वर्षाच्या आत मेला. दुसरा आणला, तोही गेला. तिसऱ्याच्या वेळी व्याह्यांनी जातीने लक्ष घातलं. निवृत्तीनंतर कोणी भजनी मंडळ धरतं, कोणी सोसायटीचा सेक्रेटरी होऊन पार्किंगवरून भांडतं. व्याह्यांना हा तिसरा अडॅप्टर सापडला. तो त्यांनी जगवला. मुलाला पुढे ऑफिसने नवा लॅपटॉप दिला, जुना कपाटात गेला, तरी महिन्यातून एकदा बाहेर काढून त्याला नि त्याच्या अडॅप्टरला हवा दाखवण्याचा कार्यक्रम चालूच राहिला.

माझी आणि त्यांची पहिली भेट लग्नाच्या बोलणीच्या वेळी झाली. आम्ही भाईंदर पूर्वेला, खारीगावाजवळ राहतो. आमची अनघा आणि त्यांचा मुलगा एकाच ऑफिसात, तेव्हा पसंती-बिसंती त्या दोघांनी परस्पर उरकलेली होती. आम्हा वडीलधाऱ्यांचं काम एवढंच, की आपण काहीतरी ठरवतोय असा चेहरा करून पोहे खायचे. हॉल कुठला, माणसं किती, मानपान कसा, असं माझं चाललेलं, आणि हे गृहस्थ सारखे माझ्या खांद्यावरून मागे बघतायत. मागच्या भिंतीला ओल आली होती. ती दिसू नये म्हणून मी जरा उजवीकडे सरकलो, तर त्यांची मानही उजवीकडे. शेवटी न राहवून ते उठले, थेट दिवाणापाशी गेले, उशी उचलली आणि खालून अनघाच्या लॅपटॉपचा अडॅप्टर काढून थंड लादीवर ठेवला. ‘मुलगी उत्तम आहे हो, तिच्याबद्दल प्रश्नच नाही,’ ते म्हणाले, ‘पण उशीखाली ह्याला श्वास कुठून मिळणार?’ मुलाकडचे आता काय मागतात ह्या काळजीने आमच्या सौभाग्यवतींनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. मागणी एवढीच निघाली, की अडॅप्टर गादीवर ठेवायचा नाही. तिला इतकं हायसं वाटलं की तिने त्यांना न विचारता पोह्यांची दुसरी बशी वाढली.

व्याह्यांचं म्हणणं असं, की अडॅप्टरची सगळी दुखणी मानेत असतात. मान म्हणजे वायर जिथे ठोकळ्यातून बाहेर पडते ती जागा, आणि दुसरी मान पिनेजवळ. लोक काय करतात, तर काम झालं की वायर ठोकळ्याभोवती करकचून गुंडाळतात आणि बॅगेत कोंबतात. ‘तुमचा हात धरून पाठीमागे पिळला तर किती दिवस टिकाल?’ हा त्यांचा सवाल. त्यांच्या घरात वायरीचे वेढे सैल, चकलीसारखे पडतात, आणि वर एक जुन्या साडीच्या काठाची नाडी असते. मानेला बॉलपेनातली स्प्रिंग चढवलेली. लाइट गेली आणि परत आली, तर लगेच प्लग लावायचा नाही. पहिला झटका जाऊ द्यायचा. हा झटका जायला त्यांच्या एका जपमाळेइतका वेळ लागतो. तेवढ्या वेळात घरातली सगळी माणसं बटणांपासून हात लांब ठेवून उभी असतात, आणि विहीणबाई स्वयंपाकघरातून विचारतात, ‘मिक्सर तरी लावू का, की त्यालाही झटका बसतो?’ व्याही डोळे न उघडता हाताने ‘थांब’ म्हणतात.

लग्नात तर त्यांनी कहर केला. स्टेजवर वधूवरांच्या बाजूला आम्ही दोन्हीकडचे आईबाप उभे, समोर भेटायला आलेल्यांची रांग हॉलच्या दारापर्यंत गेलेली. एवढ्यात ह्यांना दिसलं, की फोटोग्राफरच्या माणसाने लॅपटॉप टेबलावर ठेवलाय आणि अडॅप्टर भिंतीच्या प्लगपासून अधांतरी लोंबकळतोय, सगळा भार मानेवर. झालं. स्टेजवरून उतरले, कुठून तरी एक खुर्ची ओढली, अडॅप्टर तिच्यावर बसवला, आणि वायर सैल करत तिथेच उभे राहिले. आमच्या अल्बममध्ये माझ्या निम्म्या नातेवाइकांच्या फोटोंत मुलाचा बाप नाही. माझ्या थोरल्या बहिणीने अजून मनातून काढलेलं नाही. ‘व्याही नाराज होते का रे कशावरून?’ असं ती दर भेटीत विचारते, आणि खरं कारण सांगितलं की मीच काहीतरी लपवतोय असं तिला वाटतं.

एकदा ते मला अडॅप्टर बघायला घेऊन गेले. बघायलाच, घ्यायचा नव्हता. भाजी घेताना मी बाजार फिरतो तसे ते स्टेशनकडच्या दुकानांतून फिरतात, भाव काढतात, माल कसा येतोय बघतात. एका दुकानात त्यांनी अडॅप्टर हातात घेऊन तोलला, कानाशी नेऊन हलवला आणि दुकानदाराला विचारलं, ‘ये ओरिजिनल है?’

‘अंकल, ओरिजिनल जैसा ही है. एकदम सेम.’

‘जैसा मतलब? कल तुम्हारे जैसा आदमी तुम्हारे घर जाके बैठेगा, तो चलेगा क्या?’

दुकानदार हसत सुटला. आता आम्हाला हाकलणार असं मला वाटलं, तर त्याने स्टुलं पुढे केली आणि चहा मागवला. मग अर्धी संध्याकाळ ह्या दोघांचं, हलका अडॅप्टर म्हणजे आत माल कमी, ह्यावर एकमत होत राहिलं, आणि मी शेजारच्या दुकानातल्या टीव्हीवर आवाज बंद केलेली मॅच बघत बसलो.

रविवारी सकाळी त्यांच्याकडे बिल्डिंगमधली माणसं आपापले आजारी अडॅप्टर घेऊन यायची. वरच्या मजल्यावरच्या गुजराती बेन दारातूनच हाक मारायच्या, ‘अंकल, मारुं चार्जर जोई आपो ने!’ व्याही दुरुस्त काही करत नसत. पोट उघडायचं नाही, आपण डॉक्टर नाही, हा त्यांचा दंडक. ते फक्त निदान करायचे आणि रागवायचे. मान बघायची, पिनेला कापूस फिरवायचा, ‘रात्रभर लावून ठेवता ना?’ असं दरडावून विचारायचं, आणि समोरचा माणूस खाली बघायचा. आश्चर्य म्हणजे त्यातले बरेच अडॅप्टर नुसते रागावूनच सुधारायचे. कापसाने कचरा निघत असेल. मी काही खोलात गेलो नाही.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच होतं, आणि आम्ही नेतही होतो. मग अनघाची नोकरी गेली.

तिच्या कंपनीने तिचा सगळा विभागच बंद करून टाकला. सकाळी मेल आला आणि दुपारी कंपनीचा माणूस येऊन लॅपटॉप घेऊन गेला. जावयाचा विभाग वेगळा, तो वाचला, पण त्याचाही लॅपटॉप ऑफिसचा, तो दिवसभर त्याच्याबरोबर. मग कपाटातला जुना बाहेर निघाला. त्याची बॅटरी केव्हाच मेली होती. अडॅप्टर लावलेला असेल तोवरच तो चालायचा, वायरीला धक्का लागला की डोळे मिटायचा. म्हणजे आता अनघाचे सगळे अर्ज, सगळ्या परीक्षा, सगळ्या मुलाखती त्या एका तिसऱ्या अडॅप्टरच्या जिवावर. महिने जाऊ लागले. काशीगावहून व्याह्यांची एक आतेबहीण यायची, ती म्हणायची, ‘घरीच आहेस तर आता जरा संसाराकडे बघ. नोकऱ्या काय गं, पुढे मिळतील.’ अनघा नुसती हसायची. लहानपणापासून प्रत्येक गोष्टीला उलट उत्तर देणारी माझी पोर गप्प बसून हसते, ह्याची मला धास्ती वाटायला लागली. तिने मनातून सोडून दिलं की काय? पण मुलीच्या सासरी मुलीच्या बापाने किती बोलायचं ह्याचं माप आमच्या पिढीला पाठ आहे. मी विषय काढला नाही. व्याह्यांच्या मनात काय आहे तेही कळेना. त्यांचा संध्याकाळी फोन यायचा तो अडॅप्टरचा. ‘आज बराच वेळ चालला हो. गरम अजिबात नाही.’ दुसऱ्या दिवशी, ‘आज दुपारपर्यंत बंदच होता. संध्याकाळी लावला मग.’ ह्या गृहस्थांना माझ्या मुलीपेक्षा त्या ठोकळ्याची काळजी, म्हणून मी चिडायचो. पोर दिवसभर अर्ज करत बसली होती, किंवा सकाळी उठून बसावंसंच तिला वाटलं नव्हतं, ही खुशाली ते त्यांच्या भाषेत मला कळवत होते, हे माझ्या डोक्यात शिरायला बराच वेळ लागला.

त्या वर्षी दसऱ्याला त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. त्यांच्याकडे दसऱ्याला पाटावर शस्त्रांची पूजा मांडतात. शस्त्रं म्हणजे विळी, पक्कड, व्याह्यांचं जुनं फाउंटन पेन, विहीणबाईंची शिवणाची कात्री, आणि मधोमध अडॅप्टर. अनघाची पुढची मुलाखत दुसऱ्या दिवशी होती, म्हणून त्याला वर्षाची ही एक सुट्टी मिळालेली. पूजेत बसलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य दाखवून हलवेपर्यंत जागची उचलायची नाही, हा नियम व्याह्यांनीच घातलेला. एका दसऱ्याला विहीणबाईंना विळी हवी होती तर त्यांनी ती दिली नव्हती. भोपळा सुरीने कापावा लागला होता.

पुऱ्या तळायला घेतल्या होत्या तेवढ्यात अनघा हातात मोबाइल घेऊन बाहेर आली. मुलाखत घेणारे साहेब ज्या देशात बसतात तिथे दसरा नसतो. त्यांनी वेळ बदलली होती. उद्याची मुलाखत आज दुपारी, आता तासाभरात. शेवटची फेरी होती.

सगळ्यांनी पाटाकडे बघितलं. अडॅप्टर झेंडूच्या फुलांत बसला होता. विहीणबाईंनी त्या वर्षी जरा जास्तच भक्तीने ठोकळ्याला, दोन्ही मानांना आणि थेट पिनेलाही ओलं हळदकुंकू लावलं होतं.

‘मी मोबाइलवरून देते,’ अनघा म्हणाली.

‘त्यात तुझं काम कसं दाखवणार? स्क्रीन शेअर करायचीय ना?’ जावई म्हणाला. त्याचं ऑफिसही बंद, लॅपटॉप तिथेच. ‘मी खाली कोणाकडून तरी अडॅप्टर आणतो.’

‘ह्या पिनेचा आख्ख्या बिल्डिंगमध्ये दुसरा नाही,’ व्याही म्हणाले, आणि ह्या बाबतीत त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. कोणाचा लॅपटॉप मागून आणावा, तर तिचं सगळं काम ह्या जुन्यात.

‘जाऊ दे बाबा,’ अनघा म्हणाली, ‘नशिबात नसेल.’ सासऱ्यांना ती बाबा म्हणते, मला पप्पा. तिच्या तोंडात नशीब हा शब्द मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

विहीणबाई हळूच म्हणाल्या, ‘पूजेतलं उचलायचं नाही, हे तुम्हीच ठरवलंयत.’

व्याही सोवळ्यात होते. ते पाटासमोर बसले, हात जोडले. मग पाटामागच्या देवीच्या तसबिरीकडे बघून अगदी कचेरीतल्या आवाजात म्हणाले, ‘आई, ह्याची आजची सुट्टी रद्द करावी लागतेय. माफ कर.’ आणि दोन्ही हातांनी अडॅप्टर उचलला.

पुढे जी धांदल उडाली ती विचारू नका. जुना टूथब्रश आला, कापूस आला, अनघाचा केस वाळवायचा ड्रायर आला. पिनेच्या बाहेरचं कुंकू निघालं, पण पोटात गेलेलं काही केल्या निघेना. प्लग लावला, पिन लॅपटॉपमध्ये घातली, दिवा लागला, विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. पिन किंचित वर उचलून धरली तरच राहत होता. ‘पिनेला कधी जोर द्यायचा नाही’ असं सगळ्या बिल्डिंगला बजावणारा हा माणूस सोवळ्यासकट टेबलाखाली शिरला, लादीवर उताणा झाला, हात वर नेला आणि पिन तिरकी करून धरली. दिवा लागला तो राहिला. ‘अनघा, बस,’ खालून आवाज आला, ‘आणि मी इथे आहे हे विसर.’

मीही खाली बसलो. दोघांना पुरेल एवढी जागा तिथे नव्हती, पण विहिणीसमोर आणि बायकोसमोर नुसतं उभं राहण्यात अर्थ नव्हता. अडॅप्टर तापायला लागला होता, त्यावर मी सकाळच्या वर्तमानपत्राने वारा घालू लागलो. वर माझी मुलगी इंग्रजीत बोलत होती. आधी आवाज बारीक होता, मग एका प्रश्नाला तिने त्या साहेबालाच उलट विचारलं, आणि मला कळलं की आता ठीक आहे. व्याह्यांचा हात केव्हाचा वरच होता. मी खुणेने विचारलं, मी धरू का जरा? त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मग मी एका हाताने वारा घालत राहिलो आणि दुसऱ्या हाताने त्यांचं कोपर धरून ठेवलं. व्याह्याव्याह्यांनी एकमेकांना असं धरायचं असतं असं लग्नाच्या कोणत्याही याद्यांत लिहिलेलं नसतं.

शेवटी साहेबाने विचारलं, घरून काम करायचंय, तर तुमच्याकडे विजेची सोय भरवशाची आहे का?

अनघा म्हणाली, ‘हो. माझे सासरे बघतात.’

वर्तमानपत्र माझ्या हातात तसंच राहिलं. व्याह्यांनी डोळे मिटून घेतले होते, पिन सोडली नव्हती. मला रडू आलं, ते मी टेबलाखाली होतो म्हणून कोणाला दिसलं नाही.

नोकरी मिळाली. त्या कंपनीचं एक ऑफिस हैदराबादलाही निघालं, आठवड्यातले काही दिवस तिथे जावं लागणार. जावयानेही तिकडे बदली मागून घेतली, आणि गेल्या वर्षी दोघं गेली. तिकडे तिला कंपनीने नवा लॅपटॉप दिलाय, नवं सगळं. आतेबहीण आता पूनम सागरला येते तेव्हा सूनबाईंच्या हुद्द्याची चौकशी करते आणि चार ठिकाणी सांगते. बिल्डिंगमधल्या नव्या लॅपटॉपना आता मोबाइलचीच पिन चालते, बिघडली की फेकून नवी आणतात. रविवारी व्याही तयार होऊन बसतात, येत कोणी नाही.

परवा संध्याकाळी मला घरात बसवेना. मीरा रोडला जायचं तर काहीतरी निमित्त हवं, म्हणून मी माझ्या मोबाइलची वायर खिशात घातली आणि गेलो. ‘व्याही, ही जरा बघा बरं, चार्ज नीट होत नाही.’ चार्ज उत्तम होत होता. त्यांनी चष्मा लावला, वायर खिडकीपाशी नेली, दोन्ही माना बोटांनी चाचपल्या, पिनेत डोकावून बघितलं. मग चष्मा काढला.

‘हिला काही झालेलं नाही, व्याही.’

‘नाही ना?’

‘नाही.’ त्यांनी वायर सैल गुंडाळून माझ्या हातात दिली. मग ते म्हणाले, ‘तुम्हालाही तिचा फोन नाही ना आला आज?’

मी मान हलवली. दोन दिवस आला नव्हता.

‘तिच्या साहेबांची भरदुपार आपल्या संध्याकाळी असते,’ ते म्हणाले. ‘कामात असेल हो ती.’ आणि विहीणबाईंना त्यांनी चहा टाकायला सांगितलं.